ठाण्याची पायरी: शाळेत विद्यार्थी पोलीस कॅडेट उपक्रम कसा चालवायचा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल तर वेगळं सांगावंही लागत नाही. पोर जेवताना त्रास देऊ लागलं की घराघरात "थांब, पोलिसाला बोलावते" हे अस्त्र निघतं. आठवीत येईपर्यंत त्या पोराच्या डोक्यात पोलिसाची दोनच रूपं पक्की झालेली असतात: सिनेमात दहा जणांना एकटा लोळवणारा, आणि ताटापाशी उभा केलेला बागुलबुवा. मोबाईलवर कुणी घाणेरडे मेसेज पाठवत असेल तर सांगायचं कुणाला, हे या दोन्ही रूपांमधून कळत नाही.

विद्यार्थी पोलीस कॅडेट उपक्रमाकडे मी याच नजरेने पाहतो. बूट, टोपी, कवायत हे सगळं त्यात आहे, छानही दिसतं. पण दोन वर्षांनंतर त्या मुलीला किंवा मुलाला ठाण्यात जाऊन स्वतःची अडचण नीट सांगता आली नाही, तर तो उपक्रम फक्त झेंडावंदनाच्या फोटोपुरता झाला असं समजायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत असे उपक्रम सांभाळताना जे हाताला लागलं, ते पुढे क्रमाने लिहितो आहे. आपल्या शाळेत हे सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे.

आधी हे काय आहे ते नीट समजून घ्या

या उपक्रमाचं मूळ केरळात आहे. कोचीमध्ये मुलांना पोलिसांशी जोडण्याचे प्रयोग झाले, त्यात पी. विजयन या आयपीएस अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. तिथून वाढत जाऊन २ ऑगस्ट २०१० रोजी केरळभरातल्या १२७ शाळांत तो अधिकृतपणे सुरू झाला. गृह आणि शिक्षण ही दोन खाती तो मिळून चालवतात, आणि परिवहन, वन, उत्पादन शुल्क ही खाती मदतीला असतात. पुढे २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राममध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी देशपातळीवर त्याची सुरुवात केली.

केंद्राच्या आराखड्यातल्या काही गोष्टी मुख्याध्यापकांना पहिल्याच बैठकीत सांगून टाका, अर्धे आक्षेप तिथेच मिटतात. उपक्रम आठवी-नववीसाठी आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही. महिन्याला एकच तास अपेक्षित आहे. विषयांचे दोन भाग आहेत. पहिला गुन्हे रोखण्याचा: समाजाभिमुख पोलीस कामकाज, रस्ता सुरक्षा, महिला आणि बालकांची सुरक्षितता, भ्रष्टाचार, आपत्ती व्यवस्थापन वगैरे. दुसरा मूल्यांचा: वडीलधाऱ्यांचा आदर, सहानुभूती, सहनशीलता, संयम, संघभावना, शिस्त. ब्युरो ऑफ पोलीस रिसर्च अँड डेव्हलपमेंट या केंद्रीय संस्थेने यासाठी हस्तपुस्तिका तयार केली आहे. तिची प्रत मिळवा. मात्र ती मुलांसमोर उघडून वाचू नका, कारण तसं केलंत की दहा मिनिटांत मागचा बाक झोपतो.

पालक हमखास विचारतात, "मग एनसीसी आणि यात फरक काय?" एनसीसीचा तोंडवळा सैनिकी आहे. आपल्याकडचं जुनं आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल) पथक वाहतुकीपुरतं आहे. स्काऊट-गाईडची शपथ आणि परंपरा वेगळी. इथे मध्यभागी कायदा आणि नागरिक आहे. शाळेत आरएसपी आधीच चालू असेल तर ते बंद करून हे आणू नका. त्यातल्या शिट्ट्या आणि पांढरे पट्टे कामाला येतील, आणि ते चालवणारे शिक्षक दुखावणारही नाहीत.

आणखी एक. "सर, याने पोलीस भरतीत फायदा होईल ना?" हा प्रश्न येणारच. भरतीचं कोणतंही आश्वासन देऊ नका. एकदा ते दिलंत की मुलींना घरूनच थांबवतात आणि उंच, धावणारी पोरं तेवढी उरतात.

कागद कुठून कुठे जातो

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. ठरावाची प्रत जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने दोन पत्रं काढा: एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा पोलीस अधीक्षकांना. शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांना. तिसरी प्रत आपल्या हद्दीतल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाती स्वतः द्या आणि पोच घ्या. आराखड्यानुसार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि त्यात पोलीस अधीक्षक व शिक्षण खात्याचे अधिकारी असतात. राज्यपातळीवर गृह विभागाचे प्रधान सचिव अध्यक्ष आणि पोलीस महासंचालक सदस्य. म्हणजे वरून आदेश यायला यंत्रणा आहे. खालून मागणी गेली तर ती हलते.

उपक्रमासाठी निवडलेल्या शाळांच्या यादीत आपली शाळा आली नाही तर हातावर हात धरून बसायची गरज नाही. महाराष्ट्रात बऱ्याच ठाण्यांनी शाळांसाठी पोलीस काका, पोलीस दीदी नेमलेले असतात. त्यांना धरून यातला जवळजवळ सगळा आशय शाळेच्या स्वतःच्या उपक्रमात घेता येतो. फक्त अधिकृत नाव, बोधचिन्ह आणि बिल्ले वापरू नका.

दोन शिक्षक, दोन पोलीस

माझ्या मते उपक्रम इथेच तरतो किंवा बुडतो. केरळात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, प्रशिक्षण देऊन नेमतात, आणि कवायतीसाठी पोलीस शिपाई येतात. आपणही शिक्षकांची जोडीच नेमावी. सगळं क्रीडा शिक्षकांच्या गळ्यात घालू नका. ते कवायत उत्तम घेतील, पण तंबाखू, छेडछाड, घरातली मारहाण यांवर बोलायला मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या बाईंची वेगळी हातोटी लागते. मुली मन मोकळं करतील अशी एक तरी बाई जोडीत हवीच.

पोलिसांकडून माणूस मागताना "कुणीही पाठवा" म्हणू नका. कुणीही म्हणजे त्या दिवशी ज्याच्याकडे काम नाही तो. बीट अंमलदाराचं, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे नेमून दिलेला असतो त्या पोलिसाचं, नाव घ्या, कारण गावातली भांडणं, तंटे, कुठली पोरं कुठे बसतात हे त्याला ठाऊक असतं. सोबत एक महिला अंमलदार मागा. दोन नावं मागण्याचं दुसरंही कारण आहे: बदली. आमच्याकडे पहिल्या वर्षी मुलांना लळा लागलेले हवालदार ऐन डिसेंबरात बदलून गेले, आणि नवीन माणूस येईपर्यंत तीन महिने तास झालाच नाही. तेव्हापासून एका साध्या वहीत प्रत्येक तासाची नोंद ठेवतो: काय शिकवलं, कुणी शिकवलं, मुलांनी कोणता प्रश्न विचारला आणि कशाचं उत्तर राहिलं. नवीन माणूस आला की आधी ती वही त्याच्या हातात.

बंदोबस्त हा या कामाचा कायमचा शत्रू. निवडणूक, गणपती, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, काहीही आलं की तुमचा तास रद्द होणार. त्यावर चिडून उपयोग नाही. दर तासासाठी एक बदली तास तयार ठेवा, जो पोलिसांशिवाय शिक्षक घेऊ शकतील.

मुलं कशी निवडायची

केरळात सुरुवातीपासून एका तुकडीत ४४ मुलं, निम्म्या मुली, अशी पद्धत रुळली. लेखी आणि शारीरिक चाचणीने निवड होते. आपल्या शाळेची पटसंख्या पाहून आकडा ठरवा, पण निम्म्या मुलींचं सूत्र सोडू नका.

शारीरिक चाचणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. धावणं, उड्या यांना फार वजन दिलं की वर्गाचे मॉनिटर आणि कबड्डीचा संघ तेवढा आत येतो. ही मुलं तशीही कुणाला घाबरत नाहीत. मला हवी असते ती मधल्या बाकावरची, नजर खाली ठेवणारी मुलगी आणि ज्याच्या नावाने शिक्षक खोलीत सारखा सुस्कारा निघतो तो मुलगा. म्हणून निवडीत एक छोटा लेखी प्रश्न ठेवा: "शाळेतून घरी जाताना तुला कोणती जागा नको वाटते? का?" उत्तरांत पडका वाडा येतो, दारूचं दुकान येतं, एस.टी. स्टँडामागचा बोळ येतो. दहा ओळींत मूल किती पाहतं ते कळतं, आणि वर्षभराचे विषयही आपोआप मिळतात.

निवड झाली की पालकसभा. लेखी संमतीपत्र घ्या, त्यात क्षेत्रभेटींसाठी आणि फोटोंसाठी वेगवेगळी संमती ठेवा. सभेत बीट अंमलदाराला पाच मिनिटं बोलू द्या. "माझ्या पोराला पोलिसांचा खबऱ्या करणार का?" असं एखादा बाप विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर ठाम "नाही" असं द्या आणि वर्षभर ते पाळा.

पहिला तास: शिट्टी देण्याआधी

आमची मोठी चूक इथेच झाली. पहिल्याच आठवड्यात टोप्या आणि शिट्ट्या वाटल्या. चार दिवसांत कॅडेट मधल्या सुट्टीत लहान मुलांना अडवून नावं लिहून घेऊ लागले, पाचवीतल्या एकाला उन्हात उभं केलं. त्यांचं काय चुकलं? त्यांनी पोलीस जसा पाहिला होता तसे ते वागले. टोप्या परत घेतल्या आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

आता पहिला तास मी असा घेतो. फळ्यावर दोन रकाने: "कॅडेट काय करतो" आणि "कॅडेट काय करत नाही". मुलांकडूनच भरून घेतो, मग नियम पक्के करतो. कॅडेट कुणाला शिक्षा करत नाही. कुणाचं दप्तर तपासत नाही. कुणाची गुपचूप माहिती काढत नाही. भांडणात मध्ये पडत नाही, मोठ्या माणसाला बोलावतो. पडलेल्याला उचलतो, हरवलेल्याला सोबत करतो, माहिती नसलेल्याला माहिती देतो. हा तक्ता वर्गात लावा आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. टोपी दुसऱ्या महिन्यात.

कवायत आठवड्यातून एकदा, परिपाठाआधी वीस मिनिटं पुरे. सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड, तेज चल. हिंदी हुकूमच चालू द्या, मैदानावर त्यांचा ठेका बसतो. हुकूम द्यायची पाळी दर आठवड्याला बदला. आवाज न फुटणाऱ्या मुलीने ३० जणांना "सावधान" म्हणून थांबवलं की तिच्यात काय बदल होतो, तो तिच्या आईला आधी दिसतो.

ठाण्याची भेट

वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, त्यामुळे यावर जरा जास्त लिहितो.

दिवस नीट निवडा. आठवडी बाजाराचा दिवस नको, सणाचा आदला दिवस नको. दुपारी बाराच्या आत जा. जानेवारीत २ ते ८ तारखेपर्यंत महाराष्ट्र पोलीस रेझिंग डे सप्ताह असतो आणि ठाणी शाळांसाठी खुली असतात, पण त्या आठवड्यात सगळ्या शाळा जातात आणि मुलांना बंदुका पाहून परत यावं लागतं. बंदुका पाहायला हरकत नाही. मात्र खरी भेट वेगळी ठेवा, पंधरा-पंधरा जणांच्या दोन गटांत.

आदल्या दिवशी तुम्ही एकटे जाऊन या. कोठडीत कुणी आहे का, बलात्काराची किंवा घरगुती हिंसाचाराची तक्रार घेऊन कुणी बसणार आहे का, हे विचारा. असेल तर भेट पुढे ढकला. अटकेतला माणूस हा प्रदर्शनाचा विषय नाही, आणि मुलांपैकी कुणाचा तरी तो काका असू शकतो. आमच्या तालुक्याच्या गावात हे अजिबात दूरचं नाही.

भेटीचा क्रम असा ठेवा की तक्रार करणाऱ्याची वाट मुलं चालतील. दारातून आत आल्यावर कुणाशी बोलायचं? ठाणे अंमलदाराशी. त्यांचं टेबल, स्टेशन डायरी, बिनतारी संदेशाचा संच दाखवा. तक्रार दखलपात्र असली, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशी असली, तर एफआयआर, नसली तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद), हा फरक अंमलदारांनीच उदाहरणाने सांगावा: सायकल चोरीला गेली तर काय, शेजाऱ्याने शिवी दिली तर काय. मग महिला कक्ष, मुद्देमाल कक्ष आणि कोठडी रिकामी असेल तर तीही, बाहेरूनच. कोठडीत उभं राहून फोटो काढण्याचा हट्ट मुलं करतातच. नाही म्हणा.

नंतर सराव. प्रत्येक मुलाने एक काल्पनिक तक्रार तोंडी सांगायची आणि अंमलदारांनी प्रश्न विचारायचे: काय हरवलं, कधी, कुठे, शेवटचं कुणी पाहिलं, काय रंगाचं. बहुतेक मुलं "माझा मोबाईल हरवला" म्हणून थांबतात. तिसऱ्या-चौथ्या मुलापासून तपशील येऊ लागतात. या सरावासाठी अर्धा तास तरी राखून ठेवा.

आणि काही गोष्टी पोलिसांच्याच तोंडून मुलांना ऐकवा. शिक्षकाने सांगितलेला कायदा आणि वर्दीतल्या माणसाने "आमच्यावर हे बंधन आहे" असं सांगणं यात फार अंतर आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. कलम १७९ सांगतं की साक्षीसाठी पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कोणत्याही स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नको. हे शेवटचं ऐकताना मुली मान वर करून पाहतात, हे मी दरवेळी पाहिलं आहे.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका. एकच प्रश्न विचारा: "आत जाताना काय वाटत होतं आणि बाहेर येताना काय?"

वर्षभराचे तास: काही जमलेले प्रयोग

११२ चा सराव. बंद पडलेला मोबाईल घ्या. खऱ्या फोनवरून गंमत म्हणूनही ११२ लावू देऊ नका, तेवढ्या वेळात खरा फोन अडकतो. एक मूल फोन करणारं, एक नियंत्रण कक्षातलं. पहिलं वाक्य ठिकाणाचं हवं, हे पक्कं करा: गाव, वस्ती, जवळची खूण. "लवकर या, मारतायत" असं ओरडून फोन ठेवणाऱ्याला मदत मिळायला उशीर होतो, कारण नेमकं कुठे जायचं ते शोधावं लागतं. मग १०९८ बालकांसाठी आणि १९३० सायबर फसवणुकीसाठी, हे दोन क्रमांक पाठ करून घ्या. पैसे गेल्यावर १९३० ला जितक्या लवकर फोन, तितकी ते थांबवण्याची शक्यता जास्त, हे मुलांनी घरी सांगायचं. आमच्या एका मुलीने हे आजोबांना सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन "वीज तोडू" म्हणणाऱ्या मेसेजची चौकशी केली. पैसे गेले नव्हते, पण आजोबा पायरी चढले.

हेल्मेटची मोजणी. शाळा सुटताना फाटकाच्या आत उभं राहून अर्धा तास मोजायचं: किती दुचाक्या, किती जणांना हेल्मेट, किती ठिकाणी तिघं. गाडीचा नंबर लिहायचा नाही, नाव घ्यायचं नाही. आकडे पालकसभेत मुलांनीच मांडायचे. सोबत सांगायचं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ क (199A) प्रमाणे (२०१९ ची दुरुस्ती) अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ट्यूशनला पोराला स्कूटी देणारे बाप यावर गप्प होतात. कॅडेटला मात्र रस्त्यावर उतरवून वाहतूक थांबवायला लावू नका. फाटकापाशी, मोठा माणूस सोबत असताना, लहान मुलांना रस्ता ओलांडून देणं एवढंच. महामार्गालगतच्या शाळेत तेही पोलीस हजर असतील तरच.

अपघात पाहिल्यावर काय, हाही इथलाच विषय. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती घरोघरी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ क (134A) मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

तंबाखूची शंभर वार. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात शाळेपासून शंभर वारांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई आहे. शंभर वार म्हणजे सुमारे ९१ मीटर. गणिताच्या तासाला फाटकापासून दोरीने अंतर मोजायचं आणि कागदावर शाळेचा नकाशा काढून वर्तुळ आखायचं. मुलांना इथे थांबवा. वर्तुळात कुठली टपरी येते ते मुख्याध्यापकांनी पत्राने ठाण्याला कळवायचं. कॅडेटना टपरीवर पाठवून गुटखा विकत घेऊन "पुरावा" आणायला लावणं धोक्याचं आहे, आणि टपरीवालाही गावातलाच असतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, ही माहिती वर्गात पुरेशी आहे.

गणपतीत हरवलेलं मूल. विसर्जनाआधीचा तास यासाठी ठेवा. लहान भावंडाच्या खिशात पालकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, गर्दीत भेटायची ठरलेली जागा, हरवलो तर वर्दीतल्या माणसाकडे किंवा मंडळाच्या मांडवातल्या ताईकडे जायचं. हा तास इतका साधा आहे की शिक्षक टाळतात. मुलांना मात्र पुढची दोन वर्षं हाच लक्षात राहतो.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज इथे मारल्या गेलेल्या पोलिसांच्या आठवणीत. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर येत असला तरी परिपाठात पाच मिनिटं द्या.

कुणी काही सांगितलं तर

वर्ष नीट चाललं तर हे घडणारच: एखादी कॅडेट तास संपल्यावर मागे थांबेल आणि सांगेल की काकाचा मित्र, बसमधला माणूस, किंवा शाळेतलाच कुणी. या क्षणाची तयारी पहिल्या तासाआधी करून ठेवा.

ऐका. "नक्की का?", "तू तिथे का गेलीस?" असले प्रश्न विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच आहे. कलम २१ मध्ये न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. मुलांना मात्र न सांगितल्याबद्दल ही शिक्षा नाही, आणि हे त्यांना सांगा, कारण मैत्रिणीचं गुपित ठेवल्याने आपल्याला पकडतील ही भीती त्यांना असते. मुलगी जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, मुख्याध्यापक आणि शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला कळवा, ठाण्याशी किंवा १०९८ शी बोला. शाळेची अब्रू जाईल म्हणून आधी संस्थेत "चौकशी" करू या, असा सल्ला देणारा कुणी ना कुणी भेटेल. कायदा तो पर्याय देत नाही.

बीट अंमलदार तुमचा कितीही मित्र असला तरी त्याला वर्दीत त्या मुलीसमोर बोलावू नका.

पैसे

केंद्राच्या आराखड्यात प्रत्येक शाळेमागे साहित्य, प्रशिक्षण आणि किरकोळ खर्चासाठी ५० हजार रुपये धरले आहेत. ते हातात यायला वेळ लागतो. आले की पहिला खर्च गणवेशावर करण्याचा मोह होतो. टोपी आणि टी-शर्ट पुरे, पोलिसांसारखी खाकी वर्दी शिवू नका. प्रथमोपचार पेटी, क्षेत्रभेटींचा एस.टी. खर्च, ठाण्याबरोबर अग्निशमन केंद्र आणि बालगृहाची भेट, यांना आधी पैसे ठेवा. पावत्या त्याच दिवशी चिकटवा. मार्चअखेर हिशेब मागितला जातो तेव्हा शिट्ट्यांची पावती सापडत नाही, हा अनुभव सगळ्यांचा असतो.

दुसरं वर्ष

नववीत गेलेले कॅडेट नव्या आठवीला शिकवतात, तिथे उपक्रम पायावर उभा राहतो. "कॅडेट काय करत नाही" हा तक्ता नव्या मुलांना नववीच्यांनीच समजावून सांगायचा. उन्हात उभ्या केलेल्या पाचवीतल्या पोराची गोष्ट आमच्याकडे त्या तासाला दरवर्षी सांगितली जाते. मागच्या वर्षी ती सांगणारा तोच पाचवीतला मुलगा होता, तोवर नववीत गेलेला.

जूनमध्ये नव्या तुकडीला घेऊन ठाण्यात जाल तेव्हा एक दिवस आधी फोन करून सांगा की मुलांसाठी चहा-बिस्किटं मागवू नका. तरीही मागवली जातात, आणि त्याचे पैसे ठाणे अंमलदार स्वतःच्या खिशातून देतात, त्यामुळे निघताना मुलांकडून धन्यवाद म्हणवून घ्यायला विसरू नका.